थंडीच्या दिवसांत कुंडीतील मिरचीची जोपासना

(इयत्ता तिसरी ते पाचवीसाठी बागकाम व परिसर अभ्यास यांचा समवायी पाठ)

पावसाळ्यात शाळेच्या पडवीत मांडलेल्या मिरचीच्या कुंड्या दसरा-दिवाळीपर्यंत हिरव्यागार असतात. मुलांनी हौसेने घरून आणलेली रोपे हातभर उंच होतात, पांढरी फुले येतात, मिरच्या लागतात, आणि एखाद्या दिवशी त्यांतल्या चार मिरच्या शाळेच्या खिचडीतही पडतात. पुढे मार्गशीर्ष उजाडतो. पाने पिवळी पडू लागतात, फुले गळतात आणि पौषातील एखाद्या सकाळी झाड मान टाकून उभे असलेले दिसते. ज्या मुलाची ती कुंडी असते, तो धावत जाऊन तांब्याभर पाणी आणून घालतो. दुसऱ्या दिवशी झाड अधिकच मलूल दिसते. तो दोन तांबे पाणी घालतो. आठ-दहा दिवसांत झाड जाते आणि ते थंडीने गेले असे सर्वजण म्हणतात.

पुष्कळ वेळा अशा झाडाचा घात थंडीपेक्षा पाण्याने अधिक झालेला असतो. आपल्याकडील बहुतेक गावांची थंडी मिरचीला त्रास देते, तिची वाढ खुंटवते. परंतु ती एकटी झाड मारून टाकील इतकी कडक सहसा नसते. गारठलेल्या मुळांना दररोज घातलेले पाणी मात्र झाडास निश्चित मारते. ज्या मुलाने सर्वांत अधिक मायेने पाणी घातले, त्याचेच झाड आधी मरते. आणि आपण एवढी काळजी घेऊनही झाड का गेले, हे त्याला कोणी सांगत नाही. बागकामाचा त्याचा पहिला अनुभव असा निराशेचा ठरतो. हे टाळणे शिक्षकांच्या हाती आहे. झाडाला काही देण्यापूर्वी ते नीट पाहावे, ही एकच सवय मुलांना लावणे, हे प्रस्तुत पाठाचे प्रयोजन होय.

मिरचीचा मूळ स्वभाव

मिरची ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगिजांच्या व्यापारामार्फत सोळाव्या शतकात ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. तत्पूर्वी आपल्याकडे तिखटासाठी मिरी वापरीत, आणि मिरीवरूनच मिरची हे नाव पडले. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनिअस यांनी १७५३ साली तिला ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ असे शास्त्रीय नाव दिले. त्यातील ‘ॲन्युअम’ याचा अर्थ ‘एका वर्षाचे’ असा होतो. युरोपात हिवाळ्यातील हिमाने उघड्यावरचे झाड मरते व दरवर्षी नवे बी पेरावे लागते. म्हणून तेथे ती एका वर्षाची वनस्पती दिसते. वस्तुतः मिरचीचे झाड बहुवर्षायू आहे. हिमापासून बचावले, तर ते दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीही फुलते व फळते. परसातील मोरीच्या पाण्यावर वाढलेले, खोड लाकडासारखे झालेले मिरचीचे जुने झाड अनेक मुलांनी आपल्या घरी पाहिलेले असेल. त्याविषयी मुलांना अवश्य विचारावे.

उबदार हवा हा मिरचीचा आवडता ऋतू. २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानात तिची वाढ उत्तम होते. रात्रीचे तापमान १५ अंशांखाली जाऊ लागले की वाढ मंदावते, फुले गळतात आणि जी फळे धरतात ती पुष्कळदा लहान, वेडीवाकडी व कमी बियांची होतात. तापमान १० अंशांखाली गेले की वाढ जवळजवळ थांबते. ते शून्याजवळ जाऊन पानांतील पाणी गोठले, तर पाने काळी पडून लोंबू लागतात व कोवळे शेंडे मरतात.

कोकणपट्टीतील शाळांना या पाठाची फारशी गरज भासणार नाही; तेथील थंडी सौम्य असते. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या परिसरात मात्र काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी काही वर्षी पहाटेचे दव गोठलेले आढळते. खानदेश, मराठवाडा व विदर्भ या भागांतही पौष-माघात १० अंशांखालच्या रात्री येतात. सपाट प्रदेशातील एखाद्या ठिकाणचे किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असून ते तेथील सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेले असेल, तर भारतीय हवामानशास्त्र विभाग त्यास ‘थंडीची लाट’ असे म्हणतो. असा इशारा ऐकण्यात आला, की शाळेतील कुंड्यांची आठवण व्हावी.

ओल्या मातीतही झाड का सुकते?

या पाठाचा गाभा या प्रश्नात आहे, म्हणून शिक्षकांनी त्याचे उत्तर प्रथम स्वतः समजून घ्यावे.

झाडाची पाने दिवसभर वाफेच्या रूपाने पाणी बाहेर टाकतात आणि तितकेच पाणी मुळे मातीतून ओढून वर पाठवितात. माती गारठली की मुळांची पाणी ओढण्याची शक्ती कमी होते. सकाळचे ऊन पानांवर पडते व पाने पाणी टाकू लागतात. परंतु कुंडीतील माती अजून थंडच असते आणि मुळे पाणी पुरवू शकत नाहीत. म्हणून माती ओली असूनही पाने लोंबतात. दहा-अकराच्या सुमारास माती थोडी तापली, की झाड आपोआप सावरते.

हे न कळल्यामुळे सकाळीच पाणी घातले जाते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते आणि मुळांना ती हवा लागते. पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की मुळे गुदमरतात. अशा मुळांना बुरशी लागते व ती कुजतात. कुजलेली मुळे तर मुळीच पाणी ओढू शकत नाहीत. झाड अधिक सुकते. ते अधिक सुकले म्हणून आणखी पाणी घातले जाते. असे हे चक्र चालू राहते.

मातीच्या कुंडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात माठातील पाणी गार का होते, हे मुलांना ठाऊक असते. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते व वाफ होताना उष्णता खर्ची पडते. सतत ओली ठेवलेली मातीची कुंडी कोरड्या वाऱ्यात अशीच गार होत जाते. म्हणजे पाणी अधिक घालणारा मुलगा नकळत आपल्या झाडाची मुळे माठात ठेवीत असतो. माठाचा हा दाखला मुलांना लगेच पटतो.

झाड मलूल दिसल्यास पुढील तीन अवस्थांपैकी कोणती आहे, हे पाहूनच उपाय करावा.

१. माती ओली आहे, झाड सकाळी मलूल असते, पण दुपारपर्यंत सावरते. हा केवळ गारठा होय. पाणी घालू नये. कुंडी उबेच्या जागी हलवावी.

२. माती दोन पेरे खोलपर्यंत कोरडी आहे व कुंडी उचलल्यास हलकी लागते. ही खरी तहान होय. पाणी घालावे.

३. माती ओली आहे, झाड दुपारीही सावरत नाही, खालची पाने पिवळी पडली आहेत व मातीस कुबट वास येतो. येथे मुळे कुजू लागली आहेत. झाड मातीच्या गोळ्यासह अलगद बाहेर काढावे. निरोगी मूळ पांढरट व ताठ असते. कुजलेले मूळ तपकिरी व मऊ होते. कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत, झाड नव्या, किंचित ओलसर मातीत लावावे, फांद्यांचे शेंडे थोडे खुडावेत आणि काही दिवस ते कडक उन्हापासून व वाऱ्यापासून दूर ठेवावे. अशी सर्वच झाडे वाचतात असे नाही. परंतु मुलांना मुळे प्रत्यक्ष पाहावयास मिळतात, हाही लाभच होय.

ज्या शाळा शनिवारी सकाळी भरतात, त्या शाळांत पहिली अवस्था हमखास पाहावयास मिळते. एरव्ही दहानंतर येणारी मुले त्या दिवशी लवकर येतात, त्यांना मलूल झाड दिसते, ती घाबरून पाणी घालतात आणि रविवारी कुंडीकडे पाहावयास कोणीच नसते. शिक्षकांनी या शनिवारचाच पाठासाठी उपयोग करून घ्यावा.

पाणी केव्हा व किती?

थंडीत पाण्याचा वार ठरवू नये. ‘एक दिवसाआड’ किंवा ‘दर सोमवारी’ असा नियम केल्यास मुले मातीकडे पाहणे सोडून देतात. बोट मातीत दोन पेरे घालून पाहावे. बोटाला ओल लागली तर पाणी घालू नये. माती कोरडी लागली तर दहा-अकराच्या सुमारास, ऊन पडल्यावर, पाणी घालावे. ते थोडे थोडे घालावे आणि कुंडीच्या तळातील छिद्रातून पाझरू लागले की थांबावे. खाली ताटली ठेवली असल्यास तीत साचलेले पाणी ओतून टाकावे. पाणी मातीवर घालावे, पानांवर शिंपडू नये. संध्याकाळी पाणी घातल्यास माती रात्रभर ओली व गार राहते; म्हणून ते टाळावे.

पाणी कोणते घालावे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या बादलीतील पाणी सकाळी बर्फासारखे गार लागते. तेच विहिरीतून नुकतेच काढलेले पाणी कोमट लागते. जमिनीच्या पोटातील तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, म्हणून विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात कोमट वाटते. थंडीत ताजे विहिरीचे वा हातपंपाचे पाणी घालणे चांगले. ते नसल्यास बादली तासभर उन्हात ठेवावी.

येथे एखादा चौकस मुलगा शंका काढील: ‘‘आमच्या बागेत तर थंडीत मुद्दाम पहाटे पाणी देतात, मग कुंडीला का नको?’’ ही शंका योग्य आहे. द्राक्षाच्या भागात कडाक्याच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवितात व विहिरीचे पाणी सोडतात. विहिरीचे कोमट पाणी आपली उष्णता जमिनीस देते. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठवते व रात्री ती सावकाश सोडते. परंतु शेतात माती खोल असते, जादा पाणी खाली निघून जाते व हे पाणी काही रात्रींपुरतेच दिलेले असते. कुंडीत माती मूठभर, चारही बाजूंनी वारा, आणि पाण्यास जाण्यास एकच छिद्र. शेतात साठणारी ऊब कुंडीत साठत नाही; साठतो तो फक्त ओलावा. आपल्या वडिलांचे करणे चुकीचे आहे असा ग्रह मुलाने करून घेऊ नये, म्हणून हा भेद स्पष्ट करून सांगावा.

जागा व रात्रीचे रक्षण

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २२ डिसेंबरला माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसेहेचाळीस अंशांवर, दक्षिणेस दिसतो. त्यामुळे शाळेच्या इमारतीच्या दक्षिणेकडील भिंतीस दिवसभर ऊन मिळते. ही भिंत दिवसा तापते व रात्री ती उष्णता हळूहळू सोडते. मार्गशीर्ष ते माघ या काळात कुंड्या या भिंतीलगत ठेवाव्यात. मात्र वारा लागेल अशा कोपऱ्यात ठेवू नयेत. कुंडी थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर किंवा फळीवर ठेवावी. त्यामुळे फरशीचा गारवा लागत नाही व तळाचे छिद्रही मोकळे राहते.

निरभ्र रात्री जमीन व पाने आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडतात आणि हवेपेक्षाही अधिक गार होतात. वर छप्पर असल्यास ही उष्णता इतक्या सहज निसटत नाही. म्हणून अंगणातील गवतावर दव पडते, पण पडवीत ते पडत नाही. उबदार जागा एवढाच याचा अर्थ घेऊन कुंड्या कायमच्या वर्गात मात्र ठेवू नयेत. मिरचीला दिवसातून पाच-सहा तास तरी ऊन हवे. थंडीची लाट आली असता संध्याकाळी कुंड्या पडवीत किंवा वर्गात घ्याव्यात व सकाळी पुन्हा उन्हात ठेवाव्यात. शनिवारी शाळा सुटताना आत घेतलेल्या कुंड्या सोमवारपर्यंत खिडकीशी राहिल्या तरी हानी नाही.

कुंड्या हलविण्याजोग्या नसतील, तर भोवती चार काठ्या रोवून त्यांवर गोणपाट किंवा जुने धोतर घालावे. कापड पानांना टेकू देऊ नये आणि ऊन पडताच ते काढून घ्यावे. प्लॅस्टिकचा कागद पानांना चिकटून राहिल्यास तेथे पाने खराब होतात. म्हणून कापडच बरे.

माती, खत व छाटणी

नुसती काळी माती कुंडीत भरू नये. ती पाणी धरून ठेवते व वाळली की भेगाळते. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू असे मिश्रण योग्य ठरते. तळाच्या छिद्रावर खापरीचा एक तुकडा उपडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही व छिद्रही बुजत नाही. खापऱ्यांचा जाड थर घातल्याने निचरा वाढतो अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. त्या थराने मातीची जागा मात्र कमी होते. एका झाडास निदान दहा इंच तोंडाची कुंडी असावी. तेलाचा रिकामा डबा वापरावयाचा असल्यास तळाला चार-पाच भोके पाडावीत व कडा ठोकून बोथट कराव्यात.

थंडीत झाड खात नाही, म्हणून त्यास वाढू नये. डिसेंबर व जानेवारीत खत बंद ठेवावे. कच्चे शेण तर केव्हाही घालू नये. मातीवर वाळलेला पाला किंवा उसाचे पाचट बोटभर जाडीने पसरल्यास मातीची ऊब टिकते. परंतु ते खोडाला टेकू नये, आणि त्याखाली माती चिकट राहू लागल्यास काढून टाकावे.

छाटणीची घाई करू नये. थंडीत कापलेल्या फांदीला नवी फूट लवकर येत नाही, आणि आली तरी ती कोवळी फूट गारठ्यास प्रथम बळी पडते. वाळलेली पाने व सडकी फळे तेवढी काढावीत. संक्रांतीनंतर दिवस मोठा होत जातो. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत कडाका ओसरला, की फांद्यांच्या बगलांत हिरवे टिपके दिसू लागतात. त्या वेळी वाळलेले शेंडे जिवंत भागापर्यंत कापावेत, वरची बोटभर माती काढून तेथे कुजलेले खत घालावे व पाणी हळूहळू वाढवावे.

कीड व रोग

थंड व कोरड्या हवेत पानांच्या खालच्या बाजूस पांढरी भुकटी दिसते. ही भुरी होय. अशी पाने खुडून शाळेच्या आवारापासून दूर पुरावीत व कुंड्यांमधील अंतर वाढवावे. ढगाळ हवेत कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. पाने आकसून वळली, तर फुलकिडे, कोळी किंवा पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू ही कारणे असू शकतात. शेतकरी यास बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. विषाणूने आकसलेले झाड बरे होत नाही. ते काढून टाकणे इतर झाडांच्या हिताचे असते.

मुलांच्या हाती कीटकनाशक औषधे कधीही देऊ नयेत. किडीसाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्याची फवारणी शिक्षकांनी स्वतः करावी. मिरची हाताळल्यावर डोळे चोळू नयेत, हेही मुलांस आधीच बजावावे. मिरचीतील तिखट द्रव्य नुसत्या पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून हाताची आग होत असल्यास प्रथम गोडे तेल चोळावे व नंतर साबणाने हात धुवावेत.

प्रत्यक्ष पाठ

साहित्य: मिरचीच्या दोन सारख्या कुंड्या, मोजपात्र, एक तापमापक, दोन ताटल्या, मीटरभर लांबीची सरळ काठी, नोंदवही.

पूर्वतयारी: आदल्या संध्याकाळी एक ताटली उघड्या अंगणात व एक पडवीत ठेवावी. एक कुंडी दक्षिणेच्या भिंतीलगत व दुसरी उघड्यावर ठेवावी.

विषयप्रवेश: सकाळी मुलांना दोन्ही ताटल्यांना बोट लावून पाहू द्यावे. ‘‘ही ओली का? ती कोरडी का?’’ असे विचारावे. उत्तर लगेच सांगू नये. पुष्कळ मुले ‘‘पाऊस पडला’’, ‘‘कोणी पाणी सांडले’’ असे म्हणतील. ‘‘मग पडवीत का नाही?’’ या प्रश्नाने त्यांना छपरापर्यंत आणावे.

निरीक्षण: दोन्ही कुंड्यांतील मातीत तापमापक दोन इंच खोल धरून सकाळचे तापमान लिहावे. तापमापक नसल्यास हाताचा मागचा भाग कुंडीला लावून कोणती अधिक गार लागते ते पाहावे. झाडाची पाने ताठ आहेत की लोंबलेली, हे लिहावे. मातीत बोट घालून ओल पाहावी. हीच नोंद अकरा वाजता पुन्हा करावी.

विचारविनिमय: ‘‘सकाळी झाड मलूल होते. आपण पाणी घातले का? नाही. मग ते कशाने सावरले?’’ या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या तोंडून आले, म्हणजे पाठ साधला. त्यानंतर माठाचा दाखला द्यावा.

समवाय: गणितासाठी, कुंडीस दिलेले पाणी मोजून लिहावे व ते किती दिवसांनी पुन्हा द्यावे लागले हे ऑक्टोबर, डिसेंबर व मार्च या महिन्यांत पडताळून पाहावे, दर दिवसाची सरासरी काढावी. भूगोलासाठी, २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास काठी उभी करून तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. नाशिकच्या अक्षांशावर मीटरभर काठीची सावली सुमारे ९५ सेंटिमीटर भरते. मार्चअखेर पुन्हा मोजल्यास ती बरीच आखूड झालेली आढळेल, आणि याच सुमारास झाडास नवी पालवी का आली याचा उलगडा होईल. भाषेसाठी, प्रत्येक मुलाने आपल्या झाडाची आठवड्यास चार ओळींची हकीकत लिहावी. ती खरी असावी. झाड सुकले असेल तर सुकले असेच लिहावे.

कुंडीची पाळी: प्रत्येक कुंडीवर दोन मुलांची नावे असावीत. बोट घालून पाहण्याचे काम एकाने व पाणी घालण्याचे काम दुसऱ्याने करावे. पहिल्याने ‘कोरडे’ असे सांगितल्यावाचून दुसऱ्याने तांब्या उचलू नये. या साध्या व्यवस्थेने घाईचे पाणी थांबते व दोघांनाही आपल्या कामाचे महत्त्व कळते.

मेलेले दिसणारे झाड

एवढे करूनही काही झाडांची सर्व पाने गळतील. नुसत्या काड्या उरलेली कुंडी पाहून ती रिकामी करण्याचा मोह होतो. पाहुणे यावयाचे असले, की असे झाड मुकाट्याने उपटून त्या जागी नवे रोप लावले जाते. तसे करू नये. ज्या मुलाचे ते झाड आहे त्याला जवळ बोलवावे व खोडाच्या सालीवर नखाने बारीकसा ओरखडा काढावयास सांगावे. आत हिरवे व ओलसर दिसले, तर झाड जिवंत आहे. ते उन्हाची वाट पाहत आहे. आत तपकिरी व कोरडे लागले, तर बोटभर खाली पुन्हा पाहावे. वरच्या फांद्या मेल्या तरी बुंध्याशी जीव असणे शक्य असते. अशा झाडास पाणी अगदी बेताने, पंधरवड्यातून एक-दोनदाच, माती पाहून घालावे व फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबावे.

बुंधाही कोरडा निघाला, तर झाड खरोखरच गेले. तेही त्या मुलाला स्पष्ट सांगावे. त्याच्याबरोबर कुंडी उपडी करून मुळे पाहावीत आणि ‘‘तू पाणी कमी घातलेस’’ किंवा ‘‘तुझे लक्ष नव्हते’’ असे न म्हणता, कारण कोणते दिसते हे त्यालाच विचारावे. बहुधा मऊ पडलेली मुळे पाहून तो स्वतःच सांगेल. आपली चूक अशा रीतीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मुलगा ती सहसा पुन्हा करीत नाही, आणि त्याचा हुरूपही मोडत नाही. पुढील हंगामासाठी निरोगी झाडावरील पूर्ण पिकलेल्या लाल मिरच्यांचे बी थंडीपूर्वीच वाळवून कागदी पुडीत ठेवलेले असावे. त्यांतील चार दाणे त्याच वेळी त्या मुलाच्या हाती द्यावेत.

उरलेल्या झाडांस फाल्गुनात पालवी फुटेल व उन्हे तापू लागली की फुले येतील. जून खोडावर आलेला हा दुसरा बहर नव्या रोपाच्या बऱ्याच आधी मिळतो. वर्ग बदलून वरच्या इयत्तेत गेलेल्या मुलांना जूनमध्ये आपापली कुंडी पाहू द्यावी आणि नव्याने आलेल्या मुलांस बोट कोठवर घालून पाहावयाचे, हे त्यांच्याकडूनच शिकवावे.